गोडाऊनमध्ये माल आहे, पण कोणत्या तारखेपासून? लॉटची लागू तारीख आणि एमआरपी

खान्देशात होळी झाली की घराघरांत वर्षभराचा मसाला, कुरडया, पापड यांची बेगमी सुरू होते. मसाला कारखान्यांवर त्याचा ताण महिनाभर आधीच येतो. दुकानदाराला मार्चच्या पहिल्या आठवड्यात माल लागतो, म्हणजे पॅकिंग फेब्रुवारीत उरकावं लागतं. जळगाव जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी नियोजनाचं काम पाहत होतो, तेव्हाची गोष्ट. १२ फेब्रुवारीला शेवभाजी मसाल्याची लाइन सकाळीच थांबली. स्क्रीनवर मिरची पावडर दिसत होती १,२०० किलो आणि लाइनला हवी होती ५००. स्टोअर सांभाळणारे आप्पा मला म्हणाले, “भाऊ, गोडाऊनमा माल पडेल शे ना, मंग लाइन काबर बंद शे?”

आप्पांचं बरोबर होतं, माल खरोखर होता. पण त्यातला १,००० किलो माल प्रयोगशाळेच्या रिपोर्टची वाट पाहत होता. वापरता येण्याजोगा होता फक्त २०० किलो. आमच्या एमआरपीने, म्हणजे मालाची गरज काढणाऱ्या नियोजनाने, १ तारखेला चाललेल्या हिशोबात ही गोष्ट धरलीच नव्हती, कारण आम्ही ती त्याला सांगितलेली नव्हती. तेव्हापासून लॉटच्या तारखांकडे मी फार बारकाईने पाहतो. ही माहिती मराठीत नीट कुठे सापडत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी एमआरपीचा हिशोब

पाकिटावर छापतो ती एमआरपी इथे अभिप्रेत नाही. ही एमआरपी म्हणजे कच्च्या आणि अर्धतयार मालाच्या गरजेचं नियोजन. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत आकाराला आणली. आज बहुतेक ईआरपींच्या, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पोटात तीच असते.

हिशोब साधा आहे. प्रत्येक वस्तूसाठी, एकेका तारखेला: हातातली शिल्लक, अधिक येणारा माल, वजा त्या दिवसाची गरज. उत्तर शून्याखाली गेलं की एमआरपी म्हणते, इतका माल अमुक तारखेला हवा. मग लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचे दिवस) मागे मोजून ऑर्डर कधी द्यायची ते सांगते.

आता या हिशोबात गरजेला तारीख आहे, येणाऱ्या मालाला तारीख आहे. हातातल्या शिलकीला मात्र तारीख नाही. ती ‘आज, आत्ता, पूर्ण वापरता येईल’ असं धरून चालते. डाळ मिलमधल्या बारदानासाठी हे ठीक आहे. पण ज्या मालाला आल्यावर काही दिवस थांबावं लागतं, तिथे हे गृहीतक चुकतं. लॉटची लागू तारीख नेमकी इथे उपयोगी पडते. हा लॉट कोणत्या तारखेपासून वापरात धरायचा, ते ती सांगते. आधीच्या तारखेच्या गरजेसमोर एमआरपी तो लॉट धरत नाही, लागू तारखेला तो येणाऱ्या मालासारखा शिलकीत मिळवते. दुसऱ्या टोकाला मुदत संपण्याची तारीख असते. त्या दिवसानंतर उरलेला लॉट शिलकीतून वजा होतो. थोडक्यात प्रत्येक लॉटला एक खिडकी असते, आणि गरजेची तारीख त्या खिडकीत पडली तरच तो माल उपयोगाचा.

थांबण्याचे दिवस आधी कागदावर मांडा

संगणक उघडण्याआधी क्यूसीचे (गुणवत्ता तपासणीचे) लोक, स्टोअर आणि उत्पादन यांना एकत्र बसवा आणि प्रत्येक वस्तूला विचारा: माल आत आल्यापासून वापरायला मिळेपर्यंत किती दिवस, आणि का?

आमच्या मिरची पावडरचं उत्तर १४ दिवस निघालं. ते असं. नमुना कुरिअरने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पोहोचायला २ दिवस. तपासण्या ७ दिवस. रिपोर्ट येऊन आमच्या क्यूसीची सही व्हायला २. आणि सुट्ट्या, कुरिअरचा उशीर यांसाठी ३. तपासणीचे दिवस कुणाच्या आग्रहाने कमी होत नाहीत, हे मालकांना समजावून सांगावं लागतं. यीस्ट आणि बुरशी मोजायची तर प्लेट साधारण ५ दिवस ठेवावी लागते. साल्मोनेला या जंतूची नेहमीची चाचणी त्याला टप्प्याटप्प्याने वाढवत जाते, तिलाही काही दिवस जातातच. जंतूंना वाढायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो.

इतर वस्तूंची कारणं वेगळी असतात. लोणचं मुरावं लागतं. सिमेंटच्या ब्लॉकची ताकद २८ दिवसांची मोजतात. पिकवणी केंद्रात केळीचा लॉट आत गेला की १६ ते १८ अंश तापमानात, इथिलीन देऊन, ४ ते ६ दिवसांनी बाहेर काढण्याजोगा होतो. रावेर, सावदा, फैजपूरकडे ज्यांचं हे काम आहे त्यांना लागू तारखेची कल्पना वेगळी शिकवायला नको, ते रोज तीच मनात मोजत असतात. केळीचं वैशिष्ट्य एवढंच की खिडकी फार अरुंद. उघडल्यावर थोड्याच दिवसांत बंद होते, म्हणून तिथे दोन्ही तारखा सारख्याच महत्त्वाच्या.

एक सावधगिरी. थांबणं आणि रूप बदलणं यांची गल्लत करू नका. नंदुरबारला ओली लाल मिरची घेऊन पथारीवर वाळवतात. १०० किलो ओल्या मिरचीची वाळून २५ ते ३५ किलो होते. इथे ओल्या मिरचीच्या लॉटला १५ दिवसांनंतरची लागू तारीख देऊन भागणार नाही, कारण १५ दिवसांनी एमआरपी १०० किलोच धरेल. ओली आणि वाळलेली मिरची या दोन वेगळ्या वस्तू ठेवा, मध्ये वाळवणीची उत्पादन ऑर्डर ठेवा, आणि घट त्या ऑर्डरीत दाखवा. पथारीवर अवकाळी पाऊस पडला तर त्या ऑर्डरीची तारीख पुढे सरकते आणि उतारा घटतो. दोन्ही बदल एकाच ठिकाणी करता येतात.

मोजायला सुरुवात कुठून?

१४ दिवस ठरले, पण कोणत्या दिवसापासून? आमच्याकडे तीन तारखा फिरत होत्या: पावडर दळली ती, स्टोअरमध्ये जमा झाली ती, आणि नमुना काढला ती. शनिवारी संध्याकाळी आलेला माल सोमवारी नोंदवला जायचा, त्यामुळे जमा तारीखही खरी नसायची. शेवटी नमुना काढल्याची तारीख धरली, कारण थांबण्याचं कारण तपासणी होतं. मुरणं हे कारण असेल तर भरणीची तारीख धरा. वस्तूगणिक नियम वेगळा असेल तर चालेल, पण एका वस्तूला एकच नियम हवा आणि तो स्टोअरच्या भिंतीवर लिहिलेला हवा.

याच वेळी आणखी तीन गोष्टी ठरवा. लॉट एका शाखेतून दुसरीकडे हलवला तर त्याची तारीख त्याच्याबरोबर जाते, नवी लागत नाही. दोन लॉट मिसळले तर लागू तारीख दोन्हींतली उशिराची आणि मुदत दोन्हींतली लवकरची. परत आलेला माल नव्या लॉटने घ्या, जुन्या लॉटमध्ये टाकू नका.

आता आकडे

१२ तारखेला घडलेलं उदाहरण थोडं सोपं करून मांडतो. वही घेऊन बसा, मनात करण्याजोगं नाही.

तारीख १ फेब्रुवारी, सकाळ. मिरची पावडरीचे तीन लॉट:

लॉट अ: ६०० किलो, आज वापरता येतो, आत वापरायची मुदत १५ फेब्रुवारी.
लॉट ब: ७०० किलो, आजच आला आणि नमुना आजच काढला. लागू तारीख १५ फेब्रुवारी.
लॉट क: ३०० किलो, अजून चक्कीवर. ६ तारखेला येणार. लागू तारीख २० फेब्रुवारी.

पॅकिंगची गरज: ५ तारखेला ४००, १२ ला ५००, १९ ला ४००, २६ ला ५००. एकूण १,८०० किलो.

आधी तारखा न धरता. आजची शिलकी १,३००, ६ ला ३०० मिळून १,६००. ५, १२ आणि १९ ची गरज भागते, ३०० उरतात. २६ ला ५०० हवेत, २०० कमी. एमआरपी म्हणते: २६ फेब्रुवारीला २०० किलो लागतील. सगळे निश्चिंत.

आता तारखा धरून. ५ ला अ मधून ४०० गेले, अ मध्ये २०० उरले. १२ ला ५०० हवेत. ब अजून बंद, क अजून बंद. हातात २००. तूट ३०० किलो, आणि तीही १२ तारखेला. ती कशीतरी भरली असं धरून पुढे जा: १५ ला ब उघडतो, १९ ला त्यातून ४०० जातात, ३०० उरतात. २० ला क उघडतो, मिळून ६००. २६ ला ५०० जाऊन १०० शिल्लक. म्हणजे २६ ची तूट गायब झाली आणि तूट दोन आठवडे आधी, वेगळ्या आकड्याने समोर आली.

तारखा न धरल्याने नेमकं काय बिघडतं, ते यात दिसतं. एकूण आकडा फारसा चुकलेला नसतो. माल वर्षभराचा मोजला तर पुरतो. चुकतो तो दिवस.

मग ती ३०० किलोची तूट भरायची कशी? एमआरपी १२ मधून १४ दिवस मागे जाईल आणि सांगेल की २९ जानेवारीला नमुना काढायला हवा होता. ती तारीख गेलेली आहे. अशा वेळी ऑर्डर ‘मागील तारखेची’ म्हणून लाल रंगात येते आणि अनेक जण ती सरळ पुढच्या तारखेला ढकलतात. तसं करू नका. लाल ऑर्डर म्हणजे ‘नेहमीच्या वाटेने हे जमणार नाही, माणसाने निर्णय घ्यावा’. निर्णयाचे रस्ते असे.

पहिला, रिपोर्टसह तयार पावडर दुसऱ्या पुरवठादाराकडून ३०० किलो घेणं. महाग पडतं.

दुसरा, पूर्ण ५०० चं पॅकिंग १६ तारखेला ढकलणं. हा सगळ्यांना आधी सुचतो आणि तोच वाईट आहे. १५ ला अ ची मुदत संपते, त्याचे २०० किलो वाया. १६ ला ब मधून ५०० गेले की २०० उरतात, आणि १९ ला ४०० हवेत. म्हणजे १९ ला पुन्हा २०० ची तूट.

तिसरा, पॅकिंगचे दोन भाग करणं. १२ ला अ चे २०० वापरून जमेल तेवढं, उरलेलं ३०० चं १५ ला ब मधून. मग ब मध्ये ४०० उरतात, ते १९ ला जातात. २६ ला क चे ३०० हातात, तूट २००. ती भरायला १२ फेब्रुवारीपर्यंत नमुना काढलेला नवा लॉट हवा. आज १ तारीख आहे, वेळ भरपूर आहे.

आम्ही तेव्हा तिसरा रस्ता घेऊ शकलो असतो, जर १ तारखेला हे दिसलं असतं. १२ च्या सकाळी दिसल्यावर पहिलाच उरला.

लॉटवरची तारीख आणि वस्तूच्या मास्टरमधले दिवस: दोन्ही हवेत

इथे बहुतेकांची चूक होते, म्हणून थोडं थांबून सांगतो. लॉट ब गोडाऊनमध्ये आला, त्याला स्वतःची तारीख आहे. पण लॉट क अजून जन्मलाच नाही. आणि एमआरपी जी नवी ऑर्डर सुचवेल, तिला तर लॉट नंबरही नाही. त्यांचा उशीर एमआरपीला कळणार कुठून? त्यासाठी वस्तूच्या मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तिच्या कायमच्या नोंदीत, ‘लागू होण्याचे दिवस = १४’ भरलेलं असायला हवं. ते नसेल तर एमआरपी २६ ला लागणारा माल २६ लाच चक्कीवरून यावा म्हणून ऑर्डर सुचवते. तो येतो, त्याला लॉट नंबर मिळतो, लागू तारीख १२ मार्च पडते, आणि दुसऱ्या दिवशी एमआरपी नवी तूट दाखवते. दर महिन्याला हेच. लोक म्हणतात, सॉफ्टवेअर रोज उत्तर बदलतं. बिचारं सॉफ्टवेअर काल अर्धी माहिती घेऊन बसलेलं असतं.

मात्र हे दिवस दोनदा मोजले जाणार नाहीत याकडे लक्ष द्या. कुणीतरी आधीच लीड टाइममध्ये १४ दिवस घुसवलेले असतात. मास्टरमध्ये पुन्हा १४ भरले की माल २८ दिवस आधी येतो आणि मुदतीचे दोन आठवडे गोडाऊनमध्येच संपतात. लीड टाइममध्ये फक्त दळण्याचा किंवा पुरवठादाराचा वेळ ठेवा.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे कुठे आहे ते शोधावं लागेल. जेडी एडवर्ड्समध्ये लॉटची लागू तारीख आणि वस्तूचे लागू दिवस, दोन्ही सोयी आहेत. सॅपमध्ये माल जमा झाल्यानंतरच्या प्रक्रियेचे दिवस वेगळे भरता येतात. पण तपासणीतला साठा तिथे नेहमीच्या मांडणीत उपलब्ध धरला जातो, हे लक्षात ठेवा. म्हणजे येणाऱ्या ऑर्डरीला १४ दिवस लागतात, आणि तोच माल आत आल्याबरोबर आज वापरता येईल असा दिसतो. टॅलीमध्ये बॅचला उत्पादनाची आणि मुदतीची तारीख देता येते. तिथे तपासणीसाठी रोखलेल्या मालाचं ‘होल्ड’ नावाचं वेगळं गोडाऊन करा आणि ‘वापरात कधी’ हा रकाना एक्सेलमध्ये सांभाळा. लहान कारखान्याला एवढं पुरतं, फक्त ते एक्सेल रोज भरणारा एक माणूस नेमलेला हवा.

तारीख आणि होल्ड ही वेगवेगळी कुलपं

तारीख आपोआप उघडते. १५ उजाडली की लॉट ब एमआरपीच्या नजरेत मोकळा. पण रिपोर्ट नापास आला असेल तर? म्हणून लॉटला होल्डचा दर्जाही लावा. तो क्यूसीने सही करून काढल्याशिवाय माल लाइनला इश्यू होऊ नये.

मग कुणी म्हणेल, होल्डच पुरे, तारीख कशाला? कारण होल्डला शेवटचा दिवस नसतो. होल्डवरचा माल एमआरपीतून पूर्ण वगळला तर तिला तो दिसतच नाही आणि ती तेवढाच माल पुन्हा मागवते. रिपोर्ट येतो, होल्ड निघतो, आणि गोडाऊनमध्ये दुप्पट मिरची. तपासणीतला माल पास होईल अशी अपेक्षा असते, म्हणून नियोजनाने तो तारखेसह धरावा. इश्यू मात्र सहीवर चालावा. नापास झालेल्या मालाला वेगळा दर्जा द्या, तो एमआरपीतून लगेच बाहेर काढा.

रोज सकाळी एक यादी पाहा: ज्यांची लागू तारीख आज किंवा आधीची आहे, पण होल्ड अजून निघालेला नाही असे लॉट. हेच लॉट खोटी शिलकी दाखवतात. रिपोर्ट उशिरा येणार असेल तर प्रयोगशाळेला फोन करून नवी तारीख विचारा आणि त्याच दिवशी लॉटवर बदला. आमच्याकडे ही यादी आप्पाच काढू लागले. मला वाटतं ते काम स्टोअरकडेच असावं, कारण पोत्यावरचं लेबल त्यांच्या डोळ्यांसमोर असतं.

आठवड्याच्या कप्प्यात तारीख हरवते

अनेक जण एमआरपी आठवड्याच्या कप्प्यांत चालवतात. तसं केलं की गुरुवारी उघडणारा लॉट त्याच आठवड्याच्या सोमवारच्या गरजेला पुरला असं दिसतं. पुढचे निदान चार-सहा आठवडे दिवसवार ठेवा, त्यापुढे आठवडे किंवा महिने चालतील. आणि गरजेची तारीख म्हणजे पॅकिंगला माल इश्यू करायचा दिवस. ट्रक निघण्याची तारीख धरलीत तर सगळं दोन-तीन दिवस चुकतं.

शेवटचं टोक: मुदत

मुदतीची तारीख पाकिटावर छापता ती धरू नका. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने) नोव्हेंबर २०२४ मध्ये ई-कॉमर्सवाल्यांना सांगितलं की ग्राहकाच्या हाती पडताना अन्नपदार्थाची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. ऑनलाइन विकत असाल तर तयार मालाच्या लॉटची नियोजनापुरती मुदत तेवढी आधी संपते. अर्धतयार पावडरीची मुदतही अशीच उलट मोजत आणा. आणि इश्यू करताना ज्याची मुदत आधी संपते तो लॉट आधी काढा. एमआरपीने १२ ला अ वापरला असं धरलं आणि लाइनवाल्यांनी जवळचा म्हणून दुसराच लॉट उचलला, तर वरचा सगळा हिशोब त्या सकाळी मोडतो.

तूट दिसली की सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला साठा) वाढवायचा, हा उपाय इथे करू नका. वाढवलेला साठाही थांबणाऱ्या लॉटचाच असतो, तोही १२ ला बंदच असेल. लागू तारीख हाताने मागे ओढून लाइन चालवणं त्याहून वाईट. असं एकदा झालेलं मी पाहिलं आहे. रिपोर्ट पास आला म्हणून निभावलं, पण पुढच्या महिन्यापासून त्या स्क्रीनवरच्या कुठल्याच तारखेवर क्यूसीचा विश्वास राहिला नाही. तारीख बदलण्याचा अधिकार क्यूसीच्या एका माणसाकडे ठेवा आणि कारण लिहिल्याशिवाय बदल होऊ देऊ नका.

सुरुवात एकाच वस्तूने करा, ज्या वस्तूने गेल्या हंगामात लाइन थांबवली तिच्यापासून. चाचणीसाठी १०० किलोचा एक लॉट आजपासून १० दिवसांनंतरच्या लागू तारखेने टाका, पाचव्या दिवसाला ८० किलोची आणि पंधराव्या दिवसाला ८० किलोची गरज टाका, आणि एमआरपी चालवा. पाचव्या दिवशी ८० किलोची तूट दिसायला हवी, पंधराव्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी तूट दिसली नाही, तर तुमचं सॉफ्टवेअर लागू तारीख नुसती साठवतं, हिशोबात धरत नाही. सेटिंग सापडेपर्यंत होल्डचं वेगळं गोडाऊन आणि आप्पांची सकाळची यादी यांवर काम चालवा.